उंबऱ्यावरचे चिंचोके

चिंचोके भाजल्याचा वास आला की माझं डोकं अजून तापतं बघा. नातू तेव्हा चार वर्षांचा, ऑटिझम असलेला. मायबाप ऊसतोडीला गेलेले, लेकरू माझ्यापाशी. दिवसभर उंबऱ्यावर चिंचोक्यांची रांग लावायचा, कुणाकडं बघायचा नाही. बीडच्या दवाखान्यात अशा लेकरांना शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, त्याला खेळायला बोलवू नका, तुम्हीच त्याच्या खेळात जा. मग मीही बसले मांडी घालून. त्यानं एक ठेवला की मी एक ठेवायची. आधी माझा उचलून फेकायचा, मग राहू द्यायला लागला. त्या दिवशी मी मुद्दाम हात आखडला, तर त्यानं माझ्याकडं बघितलं आणि एक चिंचोका माझ्या तळहातावर ठेवला. आता तुझी पाळी, असंच म्हणाला म्हणा ना. आणखी चिंचोके आणायला मी आत गेले, तर माझ्यामागं तोही आला. तेवढ्यात थोरल्या जाऊबाई दारात आल्या. “अगं बया, उंबऱ्यावर करणी कुणी केली?” म्हणत त्यांनी खराट्यानं सगळी रांग लोटली आणि अंगणातल्या चुलीत टाकली. लेकरू भिंतीवर डोकं आपटायला लागलं. त्याला छातीशी दाबून मी ओरडले, “करणी न्हाई, खेळ हाय त्याचा.” “असला कुठं खेळ असतो व्हय? त्याच्यासंगं तूबी येडी झालीस.” चुलीत चिंचोके तडतडत होते. पुन्हा त्यानं माझ्या हातावर काही ठेवायला पुढचा उन्हाळा उजाडला. आता तो शाळेत पोरांबरोबर खेळतो, पाळी येईपर्यंत थांबतो. जाऊबाई अजून भाजलेले चिंचोके घेऊन येतात. “घे की गं, किती दिस राग धरशील,” म्हणतात. मी हात पुढं करत नाही.