होरेसची तुटकी चांदणी

जुन्या गाड्यांच्या इंजिनावरचे कारखान्याचे ठसे ओळखावेत तर सिरिल बॅग्नॉलनेच. रंगाखाली दडलेला आकडा तो बोटाने चाचपून सांगायचा. कॉव्हेंट्रीतल्या त्याच्या शेडमध्ये एक देखणी मोटार मात्र वर्षानुवर्षं इंजिनावाचून उभी होती. तिला शोभेल असा इंजिनाचा अस्सल ब्लॉक त्याला मिळत नव्हता.

आणि तो मिळाला! लाल मफलरवाला एक तरुण दलाल तो घेऊन आला. "संध्याकाळपर्यंत सांगा हं काका, दुसरं गिऱ्हाईक टपून बसलंय."

सिरिलने रॉकेलच्या बोळ्याने ब्लॉक पुसला आणि भिंग लावलं. कडेला इवलीशी चांदणी होती, एक टोक तुटलेली. म्हणजे होरेस टिबिटचा ठसा! होरेस इंजिनांच्या कारखान्यातला तपासनीस, पसंत पडलेल्या ब्लॉकवर ठसा मारणारा, सिरिलचा जिवलग. ठसा मारायचा त्याचा पोलादी पंच एकदा फरशीवर आपटला, तेव्हापासून त्याची चांदणी ही अशी. पण ठशाच्या तळाशी गंजाचा कणसुद्धा नव्हता. लोखंड नव्या नाण्यासारखं चकाकत होतं. ठसा ताजा होता! होरेसला जाऊन तर वर्षं लोटली होती, आणि शवपेटीत त्याच्या खिशात तो पंच सिरिलनेच ठेवला होता.

तो तडक होरेसच्या बायकोकडे, एनिडकडे गेला. तिने नेहमीप्रमाणे चहा-बिस्किटं पुढे ठेवली.

"एनिड, होरेसचा पंच कुठंय?"

"ओट्याच्या खणात. का रे?"

सिरिलने कप खाली ठेवला. "अगं, तो मी पेटीत ठेवला होता!"

"झाकण लावायच्या आधी मी काढून घेतला. इतका चांगला सूट, खिसा लोंबत होता नुसता."

"मग तो ठसा..."

"एक लाल मफलरवाला आला होता बघ. म्हणाला, होरेसच्या हाताखालून गेलेला ब्लॉक आहे, आठवण म्हणून छाप मारून द्या. मला भरून आलं रे. मारली."

ब्लॉक बनावट म्हणून तिच्याच फोनवरून त्याने दलालाला नकार कळवला. शेडमधली गाडी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"पण एनिड, स्वयंपाकघरात पंच कशाला ठेवतेस?"

"बिस्किटांवर मारायला! उकळून घेते की आधी. दर रविवारी हीच तर खातोस तू!"

सिरिलने बिस्किटांच्या बशीकडे पाहिलं. प्रत्येक बिस्किटाच्या मधोमध चांदणी, एक टोक तुटलेली.

"मला कसं दिसलं नाही?"

"दिसायला बघावं लागतं, मेल्या. तू उचललंस की थेट चहात!"

त्याने खिशातून भिंग काढलं आणि एक बिस्किट उजेडात धरून उलटसुलट न्याहाळलं.

"अस्सल आहे," तो पुटपुटला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने ते न बुडवता खाल्लं.