खांदा साडेसतरा

हुसेनचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जुळे सोलापुरातल्या घरी एका पत्रकाचं प्रूफ तपासत होते. दुसऱ्याच्या चुका काढत होते. माझी एक चूक चाचांनी ऑगस्टातच दाखवली होती, ती मात्र तशीच राहिली होती…

चाचा शिंपी होते. माझ्या वडिलांच्या चळवळीची पत्रकं त्यांच्या दुकानात कापडाच्या ताग्यांमागे ठेवलेली असायची. मी तिथंच बसून वाचायला शिकले. मिसरूड फुटायच्या वयात चाचा सत्याग्रहींबरोबर गोव्यात गेले होते, पोर्तुगीजांचं राज्य घालवायला. त्यांच्यावर मी पत्रक काढलं: ‘बंदुकांपुढे ते छातीचा कोट करून उभे राहिले.’ मग चौकात सत्कार झाला. चाचा शाल घेऊन दुकानात परतले आणि पत्रक माझ्यापुढे ठेवलं.

“हे कुणी सांगितलं तुला?”

“सगळे म्हणतात, चाचा.”

“सगळे तितं होते व्हय? मी आडवा झालो होतो, बेटी. गोळीचा आवाज आला तसा चिखलात तोंड खुपसून पडलो. उभा राहिला तो माझ्या पुढचा.”

तो पुढचा कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. सीमेवर गावोगावच्या सत्याग्रहींच्या तुकड्या एकत्र झाल्या आणि पावसात, जंगलातून, एकामागे एक असं अर्धा दिवस चालणं झालं. पुढच्याच्या सदऱ्याची खांद्यावरची शिवण उसवली होती. “परत आल्यावर शिवून देतो,” चाचा म्हणाले होते. तो मागं न बघताच बोलला, “फुकट ना?” गोळीबारानंतर मागच्यांनी चाचांना ओढत परत आणलं. त्याला आणता आलं नाही.

“नाव नाही विचारलंत?”

“नाव तर माप लिहिताना विचारतो की आमी.”

मी वाद घातला. म्हटलं, अशा वाक्यांनी लोकांना बळ येतं.

“त्याचं उभं राहणं माझ्या नावावर लावून?” चाचा म्हणाले. “दुरुस्ती छाप. मी असेपर्यंत छाप.”

मी हो म्हटलं आणि टाळत राहिले. ते वाक्य मला आवडत होतं, एवढंच खरं कारण. सत्तेचं खोटं आम्ही पत्रकांतून उघडं पाडायचो. आपल्या बाजूचं खोटं मला खोटं वाटलंच नव्हतं… ती दुरुस्ती आज करते आहे. हुसेनचाचा उभे राहिले नव्हते. उभा राहिलेला माणूस दुसरा होता आणि त्याचं नाव आम्हाला माहीत नाही.

चाचा गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी मी दुकानात गेले. चाचांच्या सुनेनं मापांची वही पुढे केली. पहिल्या पानावर नावाची जागा कोरी. खाली चाचांचं कापरं अक्षर: खांदा साडेसतरा, पाठ, बाही. छातीपुढे काहीच नाही.

“दरवर्षी नवी वही आणली की पहिल्यांदा हेच माप उतरवायचे,” ती म्हणाली.

“छातीचं राहिलंय.”

“मी पण विचारलं होतं एकदा. म्हणाले, पुढनं बघितलंच न्हाय गं त्याला.”