राजवाड्याच्या दिवशी काय रांधायचं

सहलीचा बेत ठरवायला मनीषनगरातल्या एका सोसायटीची वीस-बावीस माणसं रविंद्रच्या हॉलमध्ये जमली होती, आणि पाऊण तास झाला तरी चर्चा वांग्याच्या भरताच्या पुढे सरकेना. नावाला उदयपूरची सहल. पिछोला तलावाच्या काठचा राजवाडा हे मुख्य आकर्षण, असं रविंद्रने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलंही होतं. त्याखाली मात्र नुसती पदार्थांची यादी.

दाराजवळच्या स्टुलावर सिंधूताई बसल्या होत्या. सोसायटीच्या सहलींना स्वयंपाकाला जायचं त्यांचं हे चौदावं वर्ष. उमरेडच्या या बाईने शेगडी, पातेली आणि तिखट-मिठाचे डबे घेऊन, ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बसून अर्धा देश पालथा घातला. पाहिलं काय, तर धर्मशाळांची मागची अंगणं. उदयपूरलाही दोनदा गेल्या. दुसऱ्या खेपेला पाण्याच्या टाकीजवळ वांगी चिरताना त्यांना राजवाड्याचा एक घुमट दिसला होता, तेवढाच. आत काचेच्या तुकड्यांचे मोर आहेत, हे त्यांना लोकांच्या फोनवर कळलं. तेही अर्धेमुर्धे, कारण प्रत्येक मोरापुढे कोणीतरी पोट पुढे काढून उभं होतं.

यंदा ते मोर पाहायचेच, असं ठरवून त्या आल्या होत्या.

“उदयपूरच्या दिवशी मले सुटी द्या जी,” त्या म्हणाल्या. “आदल्या दिवशी पुऱ्या, सुकी भाजी करून ठेवीन. मलेबी राजवाडा पाहू द्या.”

प्रेमलताबाईंनी नुकतीच चौथी बालुशाही उचलली होती. त्या कळवळल्या. “थंड्या पुऱ्या? अवं सिंधूताई, त्याच दिवशी तर पाटोडीचा रस्सा ठरला न!”

“अन् त्यात पाहाले काय आहे, ताई?” रविंद्र समजुतीच्या सुरात म्हणाला. “भिंतीच भिंती. आम्ही व्हिडिओ काढून आणू न तुमच्यासाठी.”

सिंधूताईंना शिसारी आली. मागच्या खेपेला हीच मंडळी वडे गार होतील म्हणून तासाभरात राजवाड्यातून पळत आली होती आणि चपला काढायच्या आधी ताटं मागत होती. राजा कोण, राजवाडा कोणी बांधला, कोणाला सांगता आलं नसतं. वड्यात मीठ कमी होतं, हे मात्र सगळ्यांना अजून आठवत होतं.

“मंग मी रांधाले येत नाही,” त्या म्हणाल्या.

रविंद्रने तिथेच फोन लावला. दोन मिनिटं बोलला आणि हसत मान वर केली. “रांधाले नत्थूजी येऊन राहिले. पाटोडी जमते त्यायले.” हॉलमध्ये सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. चौदा वर्षांचा निकाल दोन मिनिटांत लागला आणि बालुशाहीचं ताट पुन्हा फिरू लागलं.

सिंधूताई उठल्या नाहीत. “दोन सीटा खाली आहेत म्हणे बसमध्ये. एकीवर माझं नाव लिहा. यंदा भिशी लागली मले. तुमच्याएवढेच पैसे देईन.”

ताट थांबलं. रविंद्र पेनाच्या टोपणाची काढघाल करू लागला. शेवटी त्याची बायको मिनल म्हणाली, “तिथं चिवड्या-लाडवाचे डबे ठेवा लागतात.”

“मांडीवर घेईन.”

“तसं नाही वं ताई,” मिनलने नवऱ्याकडे पाहिलं. “पण मंग तुमच्या बाजूले बसन कोण?”

कोणी तिला गप्प केलं नाही. कोणी खाली पाहिलं, कोणी फोनमध्ये. याच मिनलला मागच्या वर्षी घाटात उलट्यांवर उलट्या होत होत्या, तेव्हा सिंधूताईंनीच तिचं डोकं धरलं होतं, आपल्या पदराने तिचं तोंड पुसलं होतं. तेव्हा बाजूला कोण आहे, याची तिने चौकशी केली नव्हती. सिंधूताईंना रडू येईल असं वाटलं होतं, पण आली ती किळसच. या माणसांना आपण इतकी वर्षं आग्रह करकरून वाढलं, याचीसुद्धा.

त्या उठून रविंद्रपाशी गेल्या.

“दोन्ही सीटा मलेच द्या,” त्या म्हणाल्या. “तुमच्यातलं कोणी बाजूले नको मले.”

आणि त्याच्या हातातलं पेन काढून घेऊन त्यांनी प्रवाशांच्या यादीत स्वतःचं नाव लिहिलं, दोनदा.