ताडपत्रीमागचं शेत

वैशाखरे गावाच्या वरच्या पाड्यावरच्या धाऊबाला न आवडणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. त्यांत सगळ्यात वरची म्हणजे हसून बोलणारा सरकारी माणूस. खेकसणारा साहेब त्याला चालतो. "तो आपल्यासारकाच, बायकोशी भांडून आलेला," म्हणतो. हसणारा आला, की धाऊबा आधी कोंबड्या डालून टाकतो.

कारण आहे. त्याच्या बापाकडे असाच एक हसरा गृहस्थ तीन पायांचं यंत्र घेऊन आला, चहा प्याला, शेतात खुंट्या ठोकून गेला. पुढे त्या शेतावर धरणाचं पाणी चढलं; उरलं ते घरामागचं एवढंच. तेव्हापासून जमिनीत परकी खुंटी दिसली, की धाऊबा ती उपटून चुलीत घालतो. एकदा जावयाने बैलासाठी ठोकलेली खुंटीही गेली. बैल दिवसभर जावयासारखा हिंडला.

अशा माणसाची नात रविना सरकारी योजनेतून मुरबाडला कॅमेरा आणि एडिटिंग शिकायला लागली. फी नाही, वर कॅमेरा वापरायला मिळणार.

"फुकट?" धाऊबाने विचारलं.

"फुकट, आजा."

"मंग मोठंच काय तरी नेनार."

शेवटी प्रत्येकाने एक छोटी फिल्म करायची. पसंत पडली तर मुंबईच्या स्टुडिओत पगारी काम. रविनाने विषय घेतला आजाचा ढोल आणि त्याचा कांबडनाच. नाचताना कुठून कुठे फिरायचं ते कळावं म्हणून तिने संध्याकाळी खळ्यात खुंट्या ठोकल्या. सकाळी कॅमेऱ्याची तिपाई घेऊन आली, तोवर त्या खुंट्यांवर धाऊबाच्या आंघोळीचं पाणी तापलं होतं.

"आजा, त्या माझ्या होत्या रे!" रविना रडकुंडीला आली. "उद्या फिल्म द्यायचीय. नाय दिली तर माझं मुंबईचं काम गेलं!"

"तुज्या कशा? ह्या यंत्राला पाय तीनच हायेत ना? मी वलखतो त्याला."

इतक्यात तिच्या शिक्षिका रुपालीमॅडम आल्या. आल्या त्याच हसत. धाऊबा कोंबड्यांकडे धावला.

"बाबा, मागे तुमचं शेत काय सुंदर दिसतंय!"

झालं! धाऊबाने ढोल खाली ठेवला. मॅडमनी योजना समजावून सांगितली. तो त्यांच्या पर्सकडे बघत ऐकत होता. पर्समध्ये जमीन मोजायची टेप असणार, याची त्याला खात्री होती. पण नातीचा उतरलेला चेहरा बघवेना. शेवटी म्हणाला, "नाचतो. पन शेत दिसता नाय कामा."

मग शेजारच्या मंगळ्या आणि लडकूने निळी ताडपत्री धरली आणि तिच्यापुढे धाऊबा असा नाचला, की मॅडम हसायच्या विसरल्या. मध्येच वारा आला, ताडपत्री उडाली. ढोल थांबला.

"मंगळ्या, बांध दिसतोय रे! खाली घे!"

रविनाने तेही फिल्ममध्ये ठेवलं. मुरबाडच्या हॉलमध्ये लोक पोट धरून हसले, आणि फिल्म पसंत पडली.

मुंबईला निघायच्या सकाळी धाऊबा घरात नव्हता. रविनाला तो सापडला शेताच्या बांधावर, घोंगडी टाकून ऐसपैस बसलेला.

"आजा, नाक्यापर्यंत तरी चल ना सोडायला."

धाऊबाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण जागचा हलला नाही.

"तू जा गो बाय. दोघं एकदम निघालो म्हंजे तेंना तेच पायजे."