विलायती डिग्रीचा पहारेकरी

विद्यापीठात परदेशी पदव्यांना मान्यता देणारी एक खिडकी आहे, तिच्यासमोरच माझं झेरॉक्सचं मशीन. खिडकीमागचा कारकून खाकरला की चिकलठाण्याला उतरणारं विमान घाबरून पुन्हा वर जायचं, हे मी खुद्द वैमानिकाच्या तोंडून ऐकलंय. त्याला हसताना कुणी पाहिलं नाही. परदेशी पदवी म्हटली की तो आधी पासपोर्ट मागायचा, व्हिसाचे शिक्के निरखायचा आणि मगच पदवीला हात लावायचा.

एकदा पुंडलिकनगरची एक मुलगी आली. दुसऱ्या दिवशी तिच्या एम.एस्सी. प्रवेशाची मुदत संपत होती. मान्यतेचा दाखला नसला तर जागा गेली.

"काका, पासपोर्टच नाही. त्या परदेशी विद्यापीठाची शाखा मुंबईत आहे, मी तिथंच शिकले."

"म्हंजी तू गेलीच नाय? डिग्री एकटीच विलायतेहून आली व्हय?"

मुलीचे डोळे भरले. कारकून तिचे कागद उचलून साहेबांच्या केबिनमध्ये शिरला. त्याचा आवाज पार गुलमंडीच्या बाजारापर्यंत गेला असावा. मला तर शब्दन् शब्द ऐकू आला.

"साहेब, त्या शाखेला सरकारनंच मान्यता दिलीय. कारखाना मंजूर अन् माल नामंजूर, असं कुठं असतंय का? पोरगी इथंच शिकलीय, घरचीच हाय. करा सही."

साहेबांनी केली. बाहेर येऊन त्यानं दाखला तिच्यापुढं सरकवला. चेहरा तसाच कडू.

"काका, तुमचे लई उपकार..."

"उपकार मागून. आधी पळ, साहेब घाबरलेले हायत तोवर."