दादानं निवडून दिलेला मॉनिटर

बियाण्यांच्या पाकिटावर लालबुंद टोमॅटो असतो ना, तो कुणीतरी बसून काढलेला असतो, हे मला म्हातारपणी कळलं. काढणारी माझीच नात, खारू. लहानपणी गालात घास साठवून ठेवायची म्हणून खारू. खरं नाव आता बँकेला तेवढं ठाऊक.

तिची कामाची रीत मोठी मजेची. बाजारातून खरं वांगं आणायचं, कॉम्प्युटरच्या मॉनिटरशेजारी ठेवायचं आणि चित्रातला रंग त्याच्याशी जुळेपर्यंत जागचं हलायचं नाही. चित्र झालं की वांगं आमच्या ताटात. वेलभाज्यांची पाकिटं निघाली तेव्हा घरात रोज दुधी. शेवटी तिच्या आईनं हात जोडले, "बाई गं, आता फुलांचं काम घे!"

खारूच्या कामाच्या खोलीत दुसरं टेबल दादाचं. सख्खा नव्हे, पण ती कोरी पाटी होती तेव्हा त्यानंच हाताला धरून चित्रं काढायला शिकवलेलं. दोघांचा डबा एकत्र. शिवाय माझ्या गोष्टी तो जांभई न देता ऐकायचा, आणि असा माणूस मला लाखात एक वाटतो, काय करणार!

तर बियाणं कंपनीनं सगळीच पाकिटं नव्यानं काढायचं ठरवलं. दोघांनी नमुन्याची चित्रं द्यायची. ज्याची छापून चांगली येतील, त्याला सगळं काम. खारूचा जुना मॉनिटर धुरकट झाला होता. नवा कुठला घ्यावा, ते तिनं दादालाच विचारलं.

"अगं, चढाओढ त्याच्याशी आणि सल्लाही त्याचाच?" आई म्हणाली.

"आई, दादा आहे तो!"

दुकानात मीही गेलो. दादानं एका मोठ्या मॉनिटरवर बोट ठेवलं. "आजोबा, बघा, पानावरची लव मोजता येते." खरंच येत होती हो! मिरची तर अशी तळपत होती की मला बघूनच ठसका लागला. तोच घेतला.

खारूनं जीव ओतून चित्रं काढली. छापून आली तेव्हा टोमॅटो तापातून उठल्यासारखे, वांगी राखेत लोळल्यासारखी. दादाची भाजी मात्र टवटवीत. काम त्याला मिळालं.

मॉनिटर बिघडलाय म्हणून आम्ही दुकानात गेलो. दुकानदारानं तपासून मान हलवली. "बिघाड नाही. याची जातच भडक दाखवायची. खऱ्या टोमॅटोशी जुळवायला तुम्ही लाल कमी करत गेलात, तेवढा तो छपाईत फिका पडला. सिनेमाला झकास आहे, तुमच्या कामाला नाही. पण तुमच्या दादांना हे माहीत होतं की! त्यांनी हाच नेला होता आणि याच तक्रारीनं परत आणला. बोलले नाहीत?"

मी तिच्याकडे बघायचं टाळून दुकानातल्या वायरी बघत बसलो.

तिथून थेट कामाच्या खोलीवर. दादा डबा उघडत होता. "ये, जेवून घे."

"रंगाचं का नाही सांगितलंस?"

"तू बारकावे दिसायला हवेत म्हणालीस. दिसतात ना?"

"दादा, रंगाचं विचारतेय मी."

त्यानं डब्याचं झाकण पुन्हा लावलं. "अगं, धंद्यात प्रत्येकानं आपलं आपण बघायचं असतं. हेही शिकायलाच हवं होतं तुला." वर हसला! खारूनं आपलं टेबल आवरलं.

आता ती घरीच काम करते. महिन्याभरानं दुसरा मॉनिटर घ्यायला पुन्हा मीच सोबत. दुकानदारानं तीन मांडले. खारूनं एकेकावर आपलं जुनं चित्र लावून त्याचं छापील पाकीट शेजारी धरलं. दोन लगेच बाद केले. तिसऱ्यापाशी बराच वेळ थांबली, पर्समधून फोन काढला, नंबर लावायला अंगठा वर नेला आणि तसाच धरून उभी राहिली.

"कुणाला विचारायचंय का?" दुकानदारानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "सवय आहे."