रताळी आणि घरचं सरपण

मल्लेश्वरमच्या आमच्या घरामागे पत्र्याची एक शेड होती. तिच्यात दोन लाकडी पिंपं. थंडीच्या दिवसांत सकाळी दार उघडलं की पिकल्या केळ्यासारखा गोड, आंबूस वास यायचा आणि पिंपांतून हलकी फसफस ऐकू यायची. माझ्या मागून धुकंही आत शिरायचं. अजून अर्धवट झोपेत तो आवाज येतो आणि वाटतं, उठायला हवं, पिंपांवरची कांबळी सरकली असतील.

हे एका प्रयोगशाळेत कामाला होते. साखर कारखान्यांच्या मळीपासून काढलेलं अल्कोहोल त्या काळी पेट्रोलमध्ये मिसळत. ह्यांचं म्हणणं, मळी कारखान्यापुरती. रताळी मात्र कुठल्याही माळावर येतात, तर रताळ्यांवर मोटारी का धावू नयेत? रीतसर परवानगी काढून त्यांनी शेड उभी केली. मी नुकतीच लग्न होऊन बेळगावकडून आले होते. नवऱ्याला असलं वेड आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण वर्षभरात ते मलाही लागलं.

काम माझ्याकडे कसं आलं ते कळलंच नाही. हे नोकरीवर जात, म्हणून रताळी उकडायची, कुस्करायची, कोमट झाली की मोड आलेल्या नाचणीचं पीठ कालवायचं. त्यानं पिठूळपणा जाऊन गोडी येते आणि त्या गोडीचं यीस्ट अल्कोहोल करतं. रविवारी हे तो आंबलेला रस तांब्याच्या भांड्यात तापवत. चूल दिवसभर धगधगत असे. नळीतून पहिला थेंब पडू लागला की आम्ही दोघं बोलायचं थांबायचो. बशीत थोडं घेऊन काडी लावली की निळी ज्योत उठे, दिसे न दिसेशी. संध्याकाळी फिरायला गेलो की हे म्हणत, "बघ हं, एक दिवस इथनं जाणाऱ्या प्रत्येक मोटारीला रताळ्यांचा वास येणार." मला तो खरंच यायचा.

ह्यांच्या एका चुलतभावाची यशवंतपूरला भातगिरणी होती. सगळे त्यांना अण्णा म्हणत. हिशेब पटला तर ते कारखाना काढणार होते आणि हे नोकरी सोडून तो चालवणार होते. एका रविवारी अण्णा आले. ह्यांनी रताळी, नाचणी, यीस्ट, गाडीभाडं, सगळं मांडून दाखवलं. पेट्रोलपेक्षा स्वस्त पडत होतं. मी कॉफी घेऊन दारात उभी होते.

अण्णांनी बशीतली ज्योत विझेपर्यंत पाहिली. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "आणि सौदे कुठं धरलं?"

सौदे म्हणजे सरपण. पावसाळ्याआधी वर्षाचं सौदे डेपोतून आणून परसात रचायचं, ही सासरची रीत. एकदा रचलं की ते विकत आणलंय हे कुणाच्या लक्षातही राहत नसे.

"ते घरचंच की, अण्णा," हे म्हणाले.

"आणि हे उकडतंय, कुस्करतंय कोण?"

"ते पण घर..." हे म्हणता म्हणता थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"कारखान्यात घरचं काय नसतंय रे," अण्णा मऊ आवाजात म्हणाले. "स्वल्प विचार कर." कॉफी पिऊन ते गेले.

हे परसात जाऊन सरपणाच्या ढिगापाशी उभे राहिले. वर्षाचा ढीग संक्रांतीलाच तळाला गेला होता. मग आत येऊन त्यांनी हिशेब पुन्हा मांडला. सरपण धरलं तरी कसंबसं जमत होतं. खाली त्यांनी बाईची मजुरी लिहायला घेतली.

"अहो, मला कशाला धरता?" मी कळवळून म्हटलं. "मी आहेच की!"

"दिवसभर राबतेस," हे म्हणाले. "ते काम आहे. ते धरायलाच हवं."

तेवढ्यानं सगळं फिसकटलं. अल्कोहोल पेट्रोलपेक्षा महाग झालं. अण्णांना नको म्हणून सांगायला हे स्वतः गेले आणि मी चुलीपाशी बसून रडले. मोटारींसाठी रडले. पण माझ्या राबण्याला काम म्हणणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं, आणि ज्यानं म्हटलं त्याला ते इतकं महाग पडलं, म्हणून जास्त रडले.

दुसऱ्या दिवशी पिंपांवरची कांबळी काढून मी उन्हात टाकली. पुढे कितीतरी दिवस ती पांघरली की रताळ्यांचा वास यायचा, आणि हे झोपेतच कूस बदलून विचारायचे, "मोटार गेली का गं एखादी?"

"गेली," मी म्हणायची.